मुलांना वळण लावायचे, पण कसे?

जून महिना लागतो, शाळा उघडते आणि फाटकाशी एक देखावा हमखास दिसतो. बाप पोराचे मनगट धरून उभा. पोरगा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरतो आहे. आणि बापाच्या तोंडी ठरलेले वाक्य : “गुरुजी, चामडी तुमची, हाडं आमची. काय करायचं ते करा, पण ह्याला वळण लावा.”

माझ्या मास्तरकीच्या काळात हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याला गणती नाही. ऐकून मला बरेही वाटत असे, हे कबूल केले पाहिजे. गावाचा आपल्यावर केवढा विश्वास, असे वाटे. त्या विश्वासाचे मी काय केले ते पुढे सांगणारच आहे. पण आधी, ज्यांची मुले आज गावच्या शाळेत जातात त्या तुम्हा शेतकरी आईबापांना एक गोष्ट विचारतो. नवा गोऱ्हा औताला आणायचा असतो तेव्हा तुम्ही काय करता? पहिल्याच दिवशी त्याला नांगराला जुंपून, वाकडा चालला की चाबूक ओढता का? नाही. त्याच्या शेजारी मुरलेला बैल जोडता. ओझे हलके देता. सकाळच्या थंड वेळी थोडेच तास चालवता आणि नीट चालला की पाठीवरून हात फिरवून पुढ्यात वैरण टाकता. जनावराच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला वाडवडिलांकडून मिळालेले आहे. पोराच्या बाबतीत मात्र आपण ते घरी ठेवून शाळेच्या फाटकाशी येतो.

‘वळण’ हा शब्दच पाहा ना. अक्षराला वळण असते, वाटेला वळण असते, पाटाच्या पाण्याला वळण द्यावे लागते. पाणी भलतीकडे गेले म्हणून कोणी पाण्याला मारीत नाही. बांध घालावा लागतो, दारे धरावे लागते, आणि दारे धरणारा जागा असावा लागतो. शाळेतल्या मुलांच्या वागणुकीचेही असेच आहे.

छडी गेली, पुढे काय?

तुम्ही म्हणाल, आता शाळेत मारतात कुठे? खरे आहे. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्ही गोष्टींना बंदी आहे. म्हणजे छडी नको, तसेच ‘गाढवा’, ‘तुझ्या बापाला तरी अक्षर येत होतं का’ असे चारचौघांत घालून पाडून बोलणेही नको. जो शिक्षक असे करील त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशातल्या काही राज्यांत शाळेत मारायला अजूनही कायद्याची मनाई नाही, आपल्याकडे आहे. या बाबतीत आपण पुढे आहोत, हे मुद्दाम सांगतो.

पण गडबड झाली ती निराळीच. कायद्याने छडी काढून घेतली, तिच्या जागी काय ठेवायचे हे बहुतेक शाळांत कोणी ठरवलेच नाही. परिणाम असा की काही शाळांत छडी चोरून चालते, आणि काही शाळांत गुरुजी हात वर करतात : “आम्हांला मारता येत नाही, आता पोरं ऐकत नाहीत, आम्ही काय करणार?” दोन्हीकडे नुकसान पोराचेच. जे मूल रोज वर्गाबाहेर उभे राहते ते अभ्यासात मागे पडते, मागे पडलेले मूल आणखी दंगा करते, आणि एक दिवस दप्तर फेकून गुरांमागे जाते. मग आपण म्हणतो, त्याच्या नशिबात विद्या नव्हती.

वहीने सांगितलेली गोष्ट

आता माझी गोष्ट सांगतो. शाळा सातवीपर्यंतची, शिक्षक पाच, गाव कोरडवाहू. मी मुख्याध्यापक. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने थोराड, बोलायला कमी. दुपारची खिचडी झाली की त्याच्या अंगात वारे शिरे. शेजारच्याची वही ओढ, पेन्सिल मोड, पुढच्याच्या पाठीत गुद्दा घाल. वर्गशिक्षक त्याला बाहेर काढीत. मग तो व्हरांड्यात भिंतीला टेकून आरामात उभा राही. रोजचेच झाले तेव्हा प्रकरण माझ्याकडे आले. मी काय केले? दोन वेळा मारले. कायदा तोवर लागू झालेला होता आणि मला तो ठाऊकही होता. बापाने ‘चामडी तुमची’ म्हटले होते ना, तेवढ्यावर मी मनाचे समाधान करून घेतले. मार खाल्ल्यावर आठवडाभर तो शाळेत फिरकला नाही, आणि आला तो पहिल्यापेक्षा निगरगट्ट होऊन.

त्या वर्षी आमच्याकडे एक नव्या बाई बदलून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “गुरुजी, मला दोन आठवडे द्या. त्याला कोणी काही करू नका. मी नुसतं लिहून ठेवते.” मला हसू आले. दंगा करणाऱ्या पोराला लिहिण्याने काय होणार? पण दिले दोन आठवडे.

बाईंनी साध्या दोनशे पानी वहीत रकाने आखले. दिवस व वेळ. अगदी आधी काय चालले होते. त्याने काय केले. त्यानंतर काय झाले. बस, एवढेच. दोन आठवड्यांनी अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या नऊ एकाच तासाच्या निघाल्या. दुपारचा भाषेचा तास, ज्यात एकेकाने उभे राहून धडा वाचायचा असे. आणि शेवटच्या रकान्यात नऊही वेळा एकच मजकूर : ‘वर्गाबाहेर पाठवले’.

ती वही समोर ठेवून आम्ही बराच वेळ बसलो. गणिताच्या तासाला हा मुलगा भांडत नव्हता. खेळाच्या तासाला नाही, परिपाठाला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला एकट्याला जवळ बसवले आणि दुसरीचे पुस्तक पुढे ठेवले. साधे शब्द त्याने वाचले. जोडाक्षर आले की तो थांबे आणि कपाळावर घाम येई. त्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात आणि त्याला बरोबर नेत. दुसरी आणि तिसरी, दोन्ही वर्षे अर्धीअर्धी उसाच्या फडावर गेलेली. सगळ्या वर्गासमोर अडखळून हसे करून घेण्यापेक्षा एक गुद्दा घालून बाहेर जाणे त्याला सोपे होते. आम्ही जी शिक्षा म्हणून देत होतो ती त्याला हवीच होती! वाचायचे टाळायचे असेल तर मारामारी कर, हे आम्हीच त्याला रोज शिकवीत होतो.

मग बाईंनी बेत आखला. रोज परिपाठाच्या आधी वीस मिनिटे, दार लोटून, दुसरीच्या पुस्तकाचे वाचन. वर्गात त्याची पाळी आली की आदल्या दिवशी तयार करून घेतलेल्या दोनच ओळी वाचायच्या. जड गेले तर पाटी उपडी ठेवायची ही खूण. गुरुजी न बोलता पुढच्याला सांगतील. आणि गुद्दा घातला तरी बाहेर काढायचे नाही. ज्याची वही फाडली त्याला ती चिकटवून द्यायची आणि तास पुरा करायचा.

पहिले आठ दिवस तो जास्तच चिडला. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण नेमके इथेच पुष्कळ लोक हात टेकतात. जुनी युक्ती चालेनाशी झाली की पोर ती आधी दुप्पट जोराने करून पाहते. तिसऱ्या आठवड्यापासून उतार पडला. त्या दिवाळीला आईबाप तोडणीला गेले, पण तो आजीजवळ गावातच राहिला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी जिल्हा परिषद जी हंगामी वसतिगृहे चालवते त्यांत त्याच्या जेवणाखाण्याची सोय झाली. मार्चपर्यंत तो तिसरीचे पुस्तक वाचू लागला होता. साधुसंत मात्र झाला नाही. पाचवीत गेल्यावर त्याने खिडकीची काच फोडलीच. पण वाचायच्या तासाला भांडण नाही. मी त्याला मारले होते त्याबद्दल मात्र त्याच्याशी कधी बोललो नाही. ते राहूनच गेले.

ओरेगॉनमधली खेड्यातली शाळा

वहीचा हा धडा बाईंनी कुठल्याशा पुस्तकात वाचला होता. त्याचा माग काढीत मीही नंतर वाचत गेलो, तेव्हा कळले की ही युक्ती एका मुलापुरती नाही. सबंध शाळा तिच्यावर चालवता येते, आणि तशी चालवलेली आहे.

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. पण मी सांगतो ती शाळा ओरेगॉन राज्यात एल्मायरा नावाच्या लहानशा गावात आहे. नाव फर्न रिज, वर्ग सहावी ते आठवी. हा मुलूख विलामेट नदीच्या खोऱ्याच्या कडेचा. गवताच्या बियाण्याच्या शेतीसाठी हे खोरे नावाजलेले आहे. तिथल्या शाळांची रीत अशी की मुलाने आगळीक केली की शिक्षक चिठ्ठी देऊन त्याला मुख्याध्यापकांच्या कार्यालयात पाठवतात. १९९० नंतरच्या त्या वर्षांत फर्न रिजच्या कार्यालयात चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस पडत होता. शिक्षक आणि ओरेगॉन विद्यापीठातले अभ्यासक एकत्र बसले. रॉब हॉर्नर आणि जॉर्ज सुगाई ही त्यांतली नावे पुढे या विषयात फार मोठी झाली.

त्यांनी केले ते ऐकायला अगदी साधे आहे. आधी सगळ्या शिक्षकांनी मिळून पाच नियम ठरवले : मान राखा, जबाबदारीने वागा, सांगितलेले ऐका, हातपाय आपल्यापाशी ठेवा, वेळेवर आणि तयारीने या. पाचच. मग, आणि खरी मेख इथे आहे, ते नियम भिंतीवर टांगून न थांबता त्यांनी ते शिकवले. पाढे शिकवावेत तसे. शाळा सुरू होताच मुलांच्या टोळ्या करून त्यांना शाळेतल्या जागोजाग नेले. जेवणघरात ‘मान राखा’ म्हणजे नेमके काय करायचे, बसगाडीत चढताना काय करायचे, हे त्या त्या जागी उभे राहून करून दाखवले आणि मुलांकडून करवून घेतले. मग वर्षभर, नीट वागताना दिसलेल्या मुलाला लगेच तसे सांगायचे. जोडीला लहानशी बक्षिसाची चिठ्ठी. आणि कार्यालयात येणाऱ्या चिठ्ठ्या मोजत राहायचे.

एका वर्षात त्या चिठ्ठ्या शेकडा ४२ ने कमी झाल्या. हा वृत्तांत १९९७ साली छापून आला. तुमच्या लक्षात आलेच असेल की शंभरातल्या अठ्ठावन्न उरल्या. म्हणजे हा काही मंत्र नव्हे. पण एकालाही न मारता इतके साधले. त्याच वर्षी अमेरिकेने अपंग मुलांच्या शिक्षणाच्या आपल्या कायद्यात दुरुस्ती करून या पद्धतीचा उल्लेख घातला. पुढे मेरीलँड राज्यात ३७ प्राथमिक शाळा घेऊन पाच वर्षे तिची कसोशीने परीक्षा झाली. तिथेही कार्यालयात पाठवण्याचे आणि शाळेतून काही दिवस घरी बसवण्याचे प्रसंग घटलेले दिसले.

बक्षिसाच्या चिठ्ठ्यांबद्दल माझे मत वेगळे आहे. आपल्या शाळांत त्यांची गरज नाही. आपल्या पोराला गुरुजींनी नावाने हाक मारून “आज तू लहान मुलांना आधी पाणी पिऊ दिलंस, मी पाहिलं” असे म्हटले तर ते घरी जाऊन चार वेळा सांगते. एकदा टोकायचे तर चार-पाच वेळा असे चांगले बोलावे, असे हे अभ्यासक सांगतात. आमच्या काळी प्रमाण नेमके उलटे होते.

खिचडीची रांग

आता हे आपल्या शाळेत कसे बसवायचे? आपली शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन नाहीतर तीन, आणि त्यांच्यामागे कागदांचा सुकाळ. तरीही बसवता येते, कारण याला पैसा लागत नाही, एकमत लागते.

आपल्या शाळेच्या भिंतीवर बहुधा काय लिहिलेले असते? ओरडू नये, पळू नये, घाण करू नये, भांडू नये. सगळे ‘नये’. शेतात काय पेरू नये याची यादी हातात दिली तर काय पेरावे हे कसे कळणार? ‘भांडू नये’ याऐवजी ‘भांडण आले तर गुरुजींना सांगावे’ म्हटले की पोराला काहीतरी करायला मिळते. असे तीन-चारच नियम असावेत, आणि ते पहिलीच्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता यावेत.

मग वही. सगळ्या शाळेची एक. भांडणे कुठे आणि केव्हा होतात ते महिनाभर नोंदवले की नकाशाच उभा राहतो. आमच्या शाळेत असे दिसले की निम्म्याहून अधिक भांडणे दोनच जागी होत : खिचडीच्या रांगेत आणि पाण्याच्या टाकीपाशी. वर्गात नाहीतच! साठ पोरे एकदम सुटत, ताटल्या एका कोपऱ्यात, नळ दोनच, आणि सातवीचे दांडगे पुढे घुसत. मग त्यांना रोज रागावण्याऐवजी आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली-दुसरीला पाच मिनिटे आधी सोडले. ताटल्या दोन जागी ठेवल्या. आणि एक सबंध परिपाठ रांगेला दिला. म्हणजे खिचडी नसतानाच रांग लावून पाहिली, पुढच्याच्या आणि आपल्यामध्ये हातभर अंतर कसे ठेवायचे ते करून दाखवले. चुकीची रांग कशी दिसते तेही सातवीच्या मुलांनी नाटकात करून दाखवले; सगळी शाळा पोट धरून हसली. सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा करावे लागते, कारण पोरे विसरतात. आपण नाही का दरवर्षी पाळी घालीत?

यात एक पथ्य कडक आहे. एका गुरुजींनी चालवून घेतले आणि दुसऱ्यांनी त्याच गोष्टीला हातावर पट्टी मारली, तर सगळे मुसळ केरात. एका वाफ्याचे दारे उघडे आणि दुसऱ्याचे बंद राहिले तर रान सारखे भिजत नाही. सगळ्यांची मुळात एकच गाठ बांधलेली पाहिजे. खिचडी शिजवणाऱ्या ताईसुद्धा त्यात हव्यात, कारण रांगेपाशी त्याच असतात.

सगळ्या रानाला पाणी, पिवळ्या पडलेल्या सरीला खत

रांगेची, नियमांची ही शिकवण सगळ्या मुलांसाठी. बहुतेकांना तेवढी पुरते. पण सगळे रान भिजवूनही एखादी सरी पिवळी दिसतेच. शाळेतही थोडी मुले अशी उरतात. त्यांच्यासाठी ओरेगॉनच्या शाळांनी एक सोपी रीत चालवली. मुलाच्या हातात रोज एक लहान कार्ड. सकाळी आल्या आल्या एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटायचे. “जेवलास का? वही आणलीस का? आज कशाकडे लक्ष द्यायचं?” दोन मिनिटांचे बोलणे. प्रत्येक तासानंतर शिक्षक कार्डावर खूण करतात. सुटताना पुन्हा त्याच माणसाला कार्ड दाखवायचे आणि मग घरी न्यायचे. घरच्यांनी पाहून सही करायची. सही येत नसेल तर आईने पाहिले आणि “आज तीन तास चांगले गेले की रे” म्हटले तरी काम झाले. कार्ड वाईट असेल त्या दिवशी घरी मार बसणार असेल, तर मात्र ते देऊच नये. पोर कार्ड ओढ्यात टाकील, आणि त्याचे चुकणारही नाही.

आणि मग एखादेच झाड असे असते की त्याची मुळेच उकरून पाहावी लागतात. माझ्या चौथीतल्या मुलासारखे. अशा मुलाबाबत दोनच प्रश्न विचारायचे : या वागण्यातून त्याला काय मिळते, की कशापासून सुटका होते? कोणाला चारचौघांचे लक्ष हवे असते. घरात धाकटे भावंड आले, मोठ्याकडे बघायला कोणाला वेळ नाही. कोणाला न झेपणारे काम टाळायचे असते. कित्येकदा कारण शरीरात असते. कान फुटलेला मुलगा मागे बसून ‘ऐकत नाही’ म्हणून मार खातो, तेव्हा त्याला खरोखरच ऐकू येत नसते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मुलगी शेजारणीच्या वहीत डोकावते आणि कॉपी करणारी ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी पोराला बाजाराला नेऊ नका.

इथे कोसबाडची आठवण होते. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतली मुले शाळेत येत नसत. त्यांना पळपुटी म्हणणे सोपे होते. या दोघींनी पाहिले की मुले गुरांमागे कुरणात असतात. गुरे सोडून ती येणार कशी? तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरताहेत आणि झाडाखाली मुले शिकताहेत. तिला कुरणशाळा म्हणत. न येण्याचे कारण शोधले आणि शाळाच हलवली. हॉर्नर-सुगाईंच्या कितीतरी आधी.

घरी काय करायचे?

आता थोडे तुमच्याकडे. रागावू नका.

शाळेत भांडणारी कितीतरी मुले सकाळी उपाशी आलेली असतात. आईला खुरपणीला सात वाजता जायचे असते, भाकरी झालेली नसते, आणि पोर दुपारच्या खिचडीपर्यंत तसेच राहते. रात्रीची शिळी भाकरी आणि चटणी खाऊन पाठवले तरी चालेल. पण पोट रिकामे नको. दुसरे, झोप. पूर्वी अंधार पडला की पोरे झोपत. आता घरात एक मोबाईल असतो आणि तो रात्री दहा-अकरापर्यंत पोराच्याच हातात असतो. असे मूल सकाळच्या तासाला पेंगते आणि जाग आली की किरकिर करते.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. ज्या घरात बोलणे संपले की हात उठतो, त्या घरातले मूल शाळेत तेच करणार. त्याला दुसरी रीत कोणी दाखवलेलीच नाही. शाळेने सहा तास एक शिकवायचे आणि घराने अठरा तास दुसरे, यात शाळा जिंकेल कशी? आणि शाळेतून तक्रार आली की लगेच फोक काढायचा, हेही सोडा. तक्रार आली तर गुरुजींना विचारा : कोणत्या वेळी झालं? त्याआधी काय चाललं होतं? शाळेत कोणी मारत असेल, कोंडत असेल, तर आधी मुख्याध्यापकांशी आणि समितीत बोला. आणि मूल कुठेही संकटात असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट दूरध्वनी आहे, तो नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

समिती म्हणालो ती शाळा व्यवस्थापन समिती. ती पुष्कळांना सह्या करण्यापुरतीच ठाऊक असते. कायद्याप्रमाणे तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. अध्यक्षही पालकांमधूनच होतो. म्हणजे समिती तुमची आहे. बैठकीत पत्रे, पंखे आणि कंपाउंडच्या भिंतीवर तासभर बोलणे होते, ते व्हावेच. पण एकदा इतके विचारा : या महिन्यात भांडणे कुठे झाली, त्याची वही आहे का? रांगेपाशी एखादी आई अर्धा तास उभी राहू शकेल का? कोण मूल आठवड्यात दोनदा गैरहजर असते आणि त्याच्या घरी कोण जाऊन आले? ज्या घरचे लोक तोडणीला जाणार आहेत त्यांची नावे दसऱ्याच्या आधी लिहून घेतली का, म्हणजे हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेवर जाईल? गुरुजी गोंधळले तर त्यांना वेळ द्या. वही नसेल तर पुढच्या बैठकीपर्यंत करू द्या.

आणि जूनमध्ये पोराचे मनगट धरून फाटकाशी उभे राहाल तेव्हा चामडीहाडाची गोष्ट काढू नका. त्याऐवजी असे सांगा : “गुरुजी, हा रात्री उशिरा झोपतो. जोडाक्षराला अडतो. चारचौघांत कोणी हसलं की ह्याला राग येतो. पण वासरांजवळ फार रमतो, आणि काम सांगितलं की विसरत नाही.” याला पाच मिनिटे लागतील. गुरुजींनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे, आणि पोराला तिथेच उभे राहून ऐकू द्यावे.